शेवेचं तेल बदलायचंय: चव कोणाकडून तपासून घ्यावी? प्रशिक्षित पॅनेल, कारागीर की गिऱ्हाईक?

परळकर (धागाकर्ता)

तुर्भ्याला फरसाणाचं मध्यम आकाराचं युनिट आहे. फिकी शेव, लसूण शेव आणि भाजणीची चकली हा मुख्य माल. तळण सध्या पामोलिनमध्ये (पाम तेलात) होतं, ते राइस ब्रानवर (भाताच्या कोंड्याच्या तेलावर) न्यायचंय. चवीत फरक पडतो का हे तपासायला तीन सूचना आल्यात. भट्टीवरचे पाच जुने कारागीर चाखून सांगतील, ही एक. सल्लागार म्हणतात दहा जणांचं प्रशिक्षित पॅनेल उभं करा. विक्रीवाले म्हणतात दादरला शंभर गिऱ्हाइकांना खायला द्या आणि मोकळे व्हा. तिन्ही करण्याइतके पैसे नाहीत, वेळ दोनेक महिने. काय निवडावं? कृपया मोघम नको, कृती आणि आकडे हवेत.

मापटं

या तीन सूचना तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. फरक जाणवतो का? जाणवत असेल तर कशात आणि किती? आणि खाणाऱ्याला कोणतं जास्त आवडतं? पहिल्याला फरकाची चाचणी लागते, तिथे चाखणाऱ्याला फक्त चाचणीची पद्धत समजलेली असली की पुरे. दुसऱ्याला प्रशिक्षित पॅनेल. तिसऱ्याला गिऱ्हाईक, आणि तेही न शिकवलेलं.

तुमची सुरुवात पहिल्यापासून व्हायला हवी. फरकच जाणवत नसेल तर पुढचा खर्च करायचं कारण नाही.

त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकासमोर तीन वाट्या, दोनांत एकच माल, एकात दुसरा. वेगळी कोणती ते ओळखायचं. कळलं नाही तरी एक निवडायचीच, "सगळ्या सारख्याच" असं उत्तर घ्यायचं नाही. मांडणीचे सहा क्रम होतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. सहाही क्रम सारख्या वेळा आले पाहिजेत, म्हणून माणसं सहाच्या पटीत बोलवा. वाट्यांवर तीन अंकी यादृच्छिक आकडे घाला, ४८२, ७१९ असे. अ-ब किंवा १-२ लिहिलं की लोक पहिल्याला झुकतं माप देतात.

शेवेच्या बाबतीत खरी चूक चाखण्याआधीच होते. एका तेलातला एक घाणा आणि दुसऱ्या तेलातला एक घाणा घेतला, तर लोक तेल ओळखतायत की घाणा, हे कधीच कळणार नाही. एक घाणा अर्धा मिनिट जास्त राहिला तरी रंग आणि खमंगपणा बदलतो. म्हणून:

– बेसन एकाच गोणीतलं, पीठ एकदाच मळून दोन भाग.
– साचा आणि जाळी तीच, तेलाचं तापमान दोन्ही कढयांत सारखं. थर्मामीटर लावा, अंदाज नको.
– प्रत्येक तेलात निदान तीन घाणे. तिन्हींची शेव हलक्या हाताने एकत्र करून त्यातून नमुने काढा.
– दोन्ही तेलं तितकीच वापरलेली हवीत. आठवडाभर तापलेलं पामोलिन आणि डब्यातून आत्ता काढलेलं राइस ब्रान ही तुलनाच नव्हे.
– वाटीत १५ ग्रॅम, झाकण घालून. चुरा चाळून काढा. एका वाटीत चुरा जास्त दिसला की लोक डोळ्यांनीच ओळखतात.

रंगात फरक राहिलाच तर लाल दिव्याखाली चाचणी घ्या. आणि पहिली चाचणी फिक्या शेवेवर. लसूण आणि तिखट असताना तेल ओळखायला सांगणं म्हणजे बँडच्या आवाजात कुजबुज ऐकायला लावणं.

शून्यगृहीतक

आकडे मी देतो. त्रिकोणी चाचणीत डोळे मिटून निवडलं तरी तीनात एकदा बरोबर येतं. त्यामुळे ५ टक्के पातळीवर (म्हणजे फरक नसताना नुसत्या नशिबाने असा निकाल यायची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही) "फरक आहे" म्हणायला किमान इतकी बरोबर उत्तरं लागतात:

१२ माणसं: ८
२४ माणसं: १३
३० माणसं: १५
३६ माणसं: १८
६० माणसं: २७

आता खरी गोम. १२ जणांना बसवलं, ७ बरोबर आले, आणि "फरक नाही" असा निष्कर्ष काढून तेल बदललं, हे सर्रास चालतं. समजा खाणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना फरक खरोखर कळतो. मग बरोबर उत्तराची शक्यता १/३ ऐवजी साधारण ५३ टक्के होते (कळणारे ३० टक्के, अधिक उरलेल्या ७० टक्क्यांतले नशिबाने बरोबर येणारे एक तृतीयांश). अशा स्थितीत १२ जणांची चाचणी हा फरक साधारण २६ टक्के वेळाच पकडते. म्हणजे चारात तीनदा तुम्ही गाफील. तीच चाचणी ६० जणांवर घेतली तर दहात नऊ वेळा पकडते.

परळकर, तुम्हाला हवं ते "फरक आहे" नसून "फरक नाही" आहे. त्याचा हिशोब वेगळा. ६० पैकी २४ बरोबर आले असं धरा. २७ झाले नाहीत, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. पण ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फरक ओळखणारे २६ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. दर चार गिऱ्हाइकांतला एक ओळखू शकेल ही शक्यता तुम्हाला चालणार आहे का? ६० पैकी २० बरोबर आले तर हीच वरची मर्यादा १५ टक्क्यांवर येते. किती टक्के चालतील ते चाचणीच्या आधी कागदावर लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवलं की माणूस हवं ते ठरवतो.

खारीबिस्कीट

सगळं मान्य, पण वीस वर्षं भट्टीवर उभा असलेला कारागीर पीठ हातात घेऊन सांगतो मोहन कमी पडलंय. त्याला बाजूला ठेवून ऑफिसातल्या साठ जणांना विचारायचं, हे काही पटत नाही. त्या साठांत अर्धे रोज डब्यात बाहेरची भाजी आणणारे असतील!

मापटं

@खारीबिस्कीट, कारागिराला बाजूला ठेवू नका, दुसऱ्या जागी बसवा. तो तज्ज्ञ आहे, आणि तज्ज्ञ आणि प्रशिक्षित पॅनेल यांची कामं निराळी. तज्ज्ञ दोष ओळखतो आणि त्याचं कारण सांगतो: तेल थकलंय, बेसन जुनं आहे, आच मोठी होती. उत्पादन सुधारायला हे सोन्यासारखं. पण "तेल बदललं तर फरक कळतो का" या प्रश्नाला तो अडचणीचा आहे. तेल बदलतंय हे त्याला माहीत असतं, म्हणून तो फरक शोधायलाच बसतो. दुसरं, पाचही जण एकाच भट्टीवर शिकलेले असतात, सगळ्यात जुना जे बोलेल त्याला बाकीचे मान डोलावतात. पाच मतं दिसतात, असतं एकच.

त्यांना चाचणी करायचीच असेल तर वेगवेगळी बसवा, कोड घाला आणि एकमेकांशी बोलू देऊ नका.

कपबशी

चहाच्या धंद्यातलं उदाहरण इथे बसतं. टी टेस्टर रोज शेकडो कप चाखतो आणि लॉटचा भाव ठरवतो. एकच माणूस. तिथे ते चालतं, कारण कप बनवायची रीत पक्की बांधलेली आहे. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० मिलि पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटं. पाणी, पान, वेळ सगळं सारखं, मग उरतो तो पानाचा फरक. पण हाच टेस्टर घरच्या दुधाच्या उकळलेल्या चहात कोणतं ब्लेंड खपेल हे नेमकं सांगेलच असं नाही. तो कोऱ्या लिकरचा, म्हणजे दूध न घातलेल्या चहाचा जाणकार. मुंबईत खपतो तो आलं घातलेला कटिंग.

आणि जाणकारांच्या सातत्याबद्दल गैरसमज नको. कॅलिफोर्नियातल्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना तीच वाइन न सांगता तीन वेळा दिली गेली. रॉबर्ट हॉजसन यांनी २००८ मध्ये तो अभ्यास छापला. साधारण १० टक्के परीक्षकांचेच गुण तिन्ही वेळा एकाच पदकाच्या गटात राहिले.

खारीबिस्कीट

मग प्रशिक्षणाचा उपयोग काय? पैसे कशाला घालवायचे?

मापटं

प्रशिक्षणाने जीभ फारशी तीक्ष्ण होत नाही. फेनिलथायोकार्बामाइड हे रसायन कडू लागणं-न लागणं जनुकांवर ठरतं, ते कोणी शिकवून बदलत नाही. बदलतात त्या तीन गोष्टी: दहाही जण एका जाणिवेला एकच नाव देतात, पट्टीवर तिला सारखी जागा देतात, आणि पुढच्या महिन्यात तोच नमुना आला तर तोच आकडा देतात. थोडक्यात, पॅनेल हे मोजायचं उपकरण बनतं. न शिकवलेल्या माणसाला "तेलकट" विचारा. एक जण बोटाला लागलेलं तेल सांगेल, दुसरा जिभेवर राहिलेला थर, तिसऱ्याला जुन्या तेलाचा वास म्हणायचा असेल. तिघांनीही ७ लिहिलं तर सरासरी ७ येईल आणि तिला काहीही अर्थ नसेल.

पॅनेल बांधायची रीत अशी. ८ ते १२ माणसं लागतात, म्हणून २५-३० जणांतून निवडा. आधी प्रश्नावली: ॲलर्जी, सर्दी-सायनस, दातांची कवळी, औषधं, आठवड्यात किती वेळ देता येईल. मग मूळ चवी ओळखण्याची चाचणी. एक लिटर पाण्यात साखर १६ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, कॅफिन अर्धा ग्रॅम. कोडचे ग्लास द्या, नंतर त्याच चवी नव्या कोडने, मध्ये साध्या पाण्याचे ग्लासही ठेवून पुन्हा द्या, आणि जोड्या लावायला सांगा. ८० टक्क्यांखाली बरोबर आले तर ती व्यक्ती घेऊ नका. बरेच लोक कडू आणि आंबट यांत गल्लत करतात. ती पहिल्यांदा झाली तर समजावून सांगा, दुसऱ्यांदाही झाली तर सोडा.

नंतर त्रिकोणी चाचण्यांची मालिका, तुमच्याच मालावर: मीठ थोडं जास्त, एक मिनिट जास्त तळलेली, जुन्या तेलातली. सोप्या चाचण्यांत ६० टक्क्यांखाली आणि मध्यम अवघडांत ४० टक्क्यांखाली असलेले वगळा. शेवटी क्रम लावणं: चार नमुने कमी-जास्त मिठाचे, चढत्या क्रमाने ठेवा. शेजारच्या दोनांची अदलाबदल चालते, टोकांची नाही.

हुशार पण वाद घालणारा आणि दर दोन सत्रांमागे एक बुडवणारा उमेदवार घेऊ नका, त्याची जीभ कितीही चांगली असो.

शब्द पॅनेलने स्वतः काढायचे, पॅनेलप्रमुखाने चाखून मत द्यायचं नाही. शेवेसाठी साधारण ८ ते १२ गुण पुरतात. प्रत्येक गुणाला व्याख्या आणि हातात धरता येईल असा संदर्भ-नमुना हवा:

खमंगपणा: मंद आचेवर बदामी भाजलेल्या बेसनाचा वास. संदर्भ तेच बेसन, झाकणाच्या बाटलीत, रोज ताजं.

कच्चटपणा: न भाजलेलं बेसन पाण्यात कालवून.

खवटपणा: तेल उघड्या बशीत ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून रोज हुंगत राहा, स्पष्ट खवट वास आला की काढा. ते ताज्या तेलात ०, १० आणि २५ टक्के मिसळून तीन पातळ्या करा. हे हुंगायला, गिळायला नाही.

ओशटपणा: गिळल्यानंतर १० सेकंदांनी टाळूवर आणि ओठांवर राहिलेला थर.

कुरकुरीतपणा: दाढेखालच्या पहिल्या चाव्याचा आवाज आणि तुटण्याचा झटका. खुसखुशीतपणा वेगळा ठेवा, त्यात आवाज कमी आणि चुरा चटकन होतो. संदर्भ म्हणून जास्त मोहनाची शंकरपाळी ठेवा. ही दोन एका रेघेवर घातली की निकाल हमखास गढूळ.

चामटपणा: दमट झालेली शेव. ती मुद्दाम करायची रीत सोपी आहे: बंद डब्यात जाळीवर शेव, खाली मिठाचं संपृक्त द्रावण. साध्या मिठाने आर्द्रता साधारण ७५ टक्के राहते, मॅग्नेशियम क्लोराइडने ३३. दोन डबे, दोन टोकं. शेव द्रावणाला टेकली तर ती फेका.

मोजायला १५ सेंटीमीटरची रेघ, टोकांना "अजिबात नाही" आणि "फार जास्त". एका मालासाठी दीड-दोन तासांची आठ-दहा सत्रं धरा. तुमच्या दोन महिन्यांत हे बसतं, पण काठावर.

आंबटचुका

आता तिसऱ्या टोकाचं, गिऱ्हाईक चाचणीचं सांगतो.

नऊ टप्प्यांची आवडीची पट्टी अमेरिकन सैन्याच्या शिकागोतल्या अन्नसंशोधन संस्थेत १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या सुरुवातीला तयार झाली, सैनिकांना शिधा आवडतो का हे पाहायला. "अत्यंत आवडलं" पासून "अत्यंत नावडलं" पर्यंत, मध्ये "ना आवडलं ना नावडलं". किमान १०० माणसं घ्या, आणि तीही शेव खाणारी: गेल्या महिन्यात निदान दोनदा विकत घेतलेली. दादर स्टेशनबाहेर कोणालाही धरलं तर फुकट खाऊ मिळाला म्हणून सगळे ७-८ देतात. तुमच्याच दुकानासमोर विचारलंत तर आणखी वर.

आवडीखाली "योग्य प्रमाण" विचारा: मीठ कमी, योग्य, जास्त. कुरकुरीतपणाला तेच. २० टक्क्यांपेक्षा जास्त लोक एका बाजूला गेले आणि त्यांची आवड "योग्य" म्हणणाऱ्यांपेक्षा एखाद्या गुणाने खाली असेल, तर तो दोष खरा धरा. पण गिऱ्हाइकाला "ओशटपणा किती" विचारू नका. विचारलं तर तो उत्तर देईल, त्याला उत्तर द्यायला सांगितलंय म्हणून. शिवाय आवडलेल्या नमुन्याला सगळेच गुण चांगले देईल.

दोन नमुन्यांतला एक निवडा असं विचारलं तर १०० पैकी ६१ जणांनी एकच निवडायला हवा, तेव्हा ५ टक्के पातळीवर पसंती म्हणता येते. ५५-४५ म्हणजे काहीच नाही, विक्री विभाग काहीही म्हणो. अर्ध्यांना आधी अ द्या, अर्ध्यांना आधी ब. पहिला नमुना भुकेच्या तोंडी पडतो आणि वर जातो.

मूठभर शेव आणि पाकीट संपवणं यांत अंतर असतं. कोका कोलाने १९८५ मध्ये नवं पेय आणण्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चाखवलं होतं, घोटभर नवं जास्त आवडलं, आणि तीन महिन्यांच्या आत जुनं परत आणावं लागलं. त्यात भावनेचा भागही मोठा होता, पण घोटभर चाचणीची मर्यादा त्यात आहेच. शक्य असेल तर ४०-५० घरांत २०० ग्रॅमची कोडची पाकिटं द्या, आठवड्याने विचारा आणि किती उरलं ते वजन करा.

सुगरण_गिरगाव

मुंबईसाठी काही व्यवहाराचे मुद्दे. तारखा ठरवताना कॅलेंडर बघा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, चातुर्मास, पर्युषण, रमजान: अर्धं पॅनेल गायब. लसूण शेवेला चातुर्मास पाळणारे आणि जैन येणार नाहीत, हे निवडतानाच विचारा.

वेळ सकाळी साडेदहा ते बारा. जेवणानंतर लगेच नको. आधीचा तासभर चहा, पान, तंबाखू, मुखवास, च्युइंगगम बंद. लोकलमधून घामाघूम आलेल्याला आधी पंधरा मिनिटं बसू द्या. अत्तर आणि परफ्यूम नको, आणि खोली तळणघरापासून लांब. तळणाचा वास आत शिरला की सगळे नमुने खमंग.

पावसाळ्यात उघड्या वाटीतली शेव वीस मिनिटांत नरम पडते. खोली एसीची, शक्यतो २२ अंश आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. पाकीट चाचणीच्या दहा मिनिटं आधीच फोडा, वाटीवर झाकण. पहिल्याला कुरकुरीत आणि चोविसाव्याला चामट अशी वाढणी झाली तर आकडेमोड करूनही उपयोग नाही.

तोंड धुवायला नळाचं पाणी नको, क्लोरीनचा वास काही दिवस चांगलाच असतो. उकळून गार केलेलं किंवा कार्बन फिल्टरचं, खोलीच्या तापमानाला. गार पाण्याने टाळूवरचं तूप-तेल थिजतं, कोमट बरं. सोबत अळणी बिस्कीट किंवा साधी पोळी.

परळकर

फार उपयोगी. दोन प्रश्न. ऑफिसात २०च माणसं आहेत, प्रत्येकाकडून तीन-तीनदा घेतली तर ६० होतील ना? आणि दहा जणांचं पॅनेल तयार झालंच, तर कोणती शेव आवडली हे त्यांनाच विचारलं तर शंभर गिऱ्हाइकांचा खर्च वाचेल का?

शून्यगृहीतक

पहिल्याला: नाही. एकाच माणसाची तीन उत्तरं एकमेकांना धरून असतात. ज्याला कळतं त्याला तिन्हीदा कळेल. २० माणसं म्हणजे २० माणसंच. "फरक नाही" दाखवायच्या चाचणीत अशा पुनरावृत्ती मोजायच्याच नाहीत, त्रिकोणी चाचणीच्या मानकात, आयएसओ ४१२० मध्येही हे स्पष्ट आहे. शेजारच्या गाळ्यांतून ४० माणसं गोळा करा, शेव फुकट आहे म्हटलं की येतात. पण पॅनेलमधले दहा आणि बाहेरचे पन्नास अशी सरमिसळ नको. दोघांची ओळखण्याची ताकद वेगळी, निकाल कोणाबद्दल आहे तेच कळत नाही.

मापटं

दुसऱ्यालाही नाही, आणि हे कटाक्षाने पाळा. तीन आठवडे ज्यांना खवट तेल हुंगायला लावलंय ते राइस ब्रानची जरासुद्धा वेगळी झाक पकडतील आणि तिला दोष म्हणतील. गिऱ्हाइकाला ती जाणवणारही नाही, किंवा आवडेल. शिवाय दहा जणांच्या आवडीवर शंभरांची आवड ठरत नाही. उलट बाजूने, पॅनेलच्या कार्डावर आवडीचा एक प्रश्न जरी घातला तरी बाकीचे गुण त्या रंगात रंगतात. नावडलं म्हणून ओशटपणा वाढतो.

पॅनेल उपकरण असेल तर त्याचीही तपासणी हवी. प्रत्येक सत्रात एक नमुना न सांगता दोनदा द्या. ज्याचे दोन आकडे रेघेवर चार-पाच सेंटीमीटर लांब पडतात त्याला बसवून पुन्हा संदर्भ चाखवा. सगळ्यांना सगळं मध्यभागी ठेवणारा माणूसही निरुपयोगी, तो कधी चुकत नाही आणि कधी काही सांगतही नाही. बाकीच्यांना अ जास्त खमंग वाटतो आणि एकालाच ब, तर बहुतेक त्याने गुणाची व्याख्या उलटी धरलीय. पॅनेलचेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, आलेख पाहिला की दोषी कोण ते पटकन दिसतं.

आंबटचुका

@मापटं, एका बाबतीत मी थोडा वेगळा. प्रशिक्षित पॅनेल परवडत नसेल तर गिऱ्हाइकांकडूनही वर्णन काढता येतं. २०-२५ शब्दांची यादी द्या: खमंग, करपट, ओशट, कोरडी, खारट, हलकी, जुनी वाटते, वगैरे. लागू पडतील त्या शब्दांवर खूण करायची, आकडा द्यायचा नाही. यादीचा क्रम प्रत्येकाला वेगळा, नाहीतर वरचे शब्द जास्त टिकतात. ८०-१०० माणसांत नमुन्यांचा जो नकाशा (कोणता नमुना कशात कोणाच्या जवळचा) निघतो तो पॅनेलच्या नकाशाशी बऱ्यापैकी जुळतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. एकेकटा माणूस गोंधळलेला असतो, संख्येने गोंधळ निवळतो.

मापटं

नमुने एकमेकांपासून लांब असतील तर जुळतो, मान्य. पामोलिन विरुद्ध राइस ब्रान, तेही ताजं, इतका बारीक फरक असताना खुणांची पद्धत भोंगळ ठरते: दोन्ही नमुन्यांवर "खमंग" ला तितक्याच खुणा. आणि किती हे ती सांगतच नाही. परळकरांना पुढे टिकाऊपणाही बघायचा असेल. १५, ३०, ४५, ६० दिवसांनी खवटपणा किती वाढला हे तारखेगणिक मोजायचं तर पट्टी स्थिर हवी. दर वेळी नवे शंभर लोक आणून ते होणार नाही. सूर्यफूल किंवा सोयाबीनसारख्या लिनोलेइक (हवेने लवकर बिघडणारं स्निग्धाम्ल) जास्त असलेल्या तेलांकडे जाणाऱ्यांना तर हे जास्तच लागू, ती पामोलिनपेक्षा लवकर खवटतात.

आंबटचुका

टिकाऊपणाला पॅनेल, यात वाद नाही. फक्त खवटपणा किती झाला की माल परत येतो, ती रेघ गिऱ्हाइकानेच ओढायची. पॅनेलचा आकडा ३ झाला तेव्हा ५० गिऱ्हाइकांना "हे पाकीट घरी असतं तर खाल्लं असतं का?" एवढंच विचारा, पुन्हा ५ झाला तेव्हा विचारा. मधे कुठेतरी तुमची मुदत.

खारीबिस्कीट

लसूण शेवेचं काय? तिखट तीन वाट्या खाल्ल्या की जीभ बधिर होते, त्रिकोणी चाचणी जमेल का?

सुगरण_गिरगाव

जमते, पण एका बैठकीत एकच त्रिकूट. दोन वाट्यांमध्ये निदान तीन-चार मिनिटं, आधी साधं दही किंवा दूध एक घोट, मग कोमट पाणी. तिखट पाण्याने जात नाही, स्निग्ध पदार्थाने जातं. लसणाचा वास मात्र दह्यानेही लगेच जात नाही, म्हणून त्या दिवशी दुसरी कुठलीच चाचणी ठेवू नका. चकली शेवटी घ्या. भाजणी दर वेळी वेगळी भाजली जाते, तिथे तेलापेक्षा भाजणीचाच फरक मोठा निघेल. दोन्ही तेलांना एकाच दिवसाची भाजणी वापरली तरच अर्थ.

परळकर

ठरलं असं: आधी फिक्या शेवेवर ६० जणांची त्रिकोणी चाचणी, मर्यादा २० टक्के. ती ओलांडली तरच पॅनेल आणि गिऱ्हाईक. शेवटचं विचारतो, टिकाऊपणाच्या चाचणीत ६० व्या दिवशी तुलनेला ताजी शेव कुठून आणायची? त्या दिवशी तळली तर बेसनाची गोणी वेगळी असेल.

शून्यगृहीतक

२० टक्के मर्यादा धरलीत तर ६० पैकी जास्तीत जास्त २१ बरोबर चालतील. २२ आले की वरची मर्यादा २० टक्क्यांच्या जराशी वर जाते. हा आकडा फळ्यावर लिहून टाका.

मापटं

पहिल्याच दिवशी एका तळणातली शेव छोट्या-छोट्या पाकिटांत, प्रत्येकी एका सत्रापुरती, धातूच्या थराच्या लॅमिनेटमध्ये नायट्रोजन भरून सील करा आणि उणे १८ अंशांत ठेवा. तीच तुमची संदर्भ शेव. सत्राच्या आदल्या रात्री पाकीट बाहेर काढून बंदच ठेवा, पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावर फोडा. थंड पाकीट मुंबईच्या हवेत उघडलं की शेवेवर दव धरतं, आणि पॅनेल इमानदारीने ताज्या मालाला चामट म्हणून मोकळं होतं. फोडलेलं पाकीट परत फ्रीजरमध्ये टाकू नका.